हुकुमापासून हातापर्यंत : मुलांच्या पोटगीची गोष्ट

१/
हिंजवडीच्या आयटी पार्कपासून आखलेला मेट्रोचा मार्ग शिवाजीनगरात संपतो. पुण्याचे कौटुंबिक न्यायालयही शिवाजीनगरातच आहे. एका टोकाला पगार होतो आणि दुसऱ्या टोकाला, घर मोडले असेल तर, त्या पगारातला मुलाचा वाटा ठरतो. मधले अंतर सुमारे २३ किलोमीटर. कायदा हे अंतर दीड शतकाहून अधिक काळ चालतो आहे आणि अजून पुरता पोहोचलेला नाही. मुलांच्या पोटगीच्या इतिहासावर हा थ्रेड.

२/
'पोटगी' या शब्दातच पोट आहे. जगण्यापुरते अन्नवस्त्र, एवढाच त्याचा मूळ आशय. बाप नसलेल्या मुलाचे पोट कोणी भरायचे, हा प्रश्न मराठी राज्यालाही पडला होता. अफझलखानाच्या प्रसंगानंतर, लढाईत पडलेल्यांच्या मुलांचे चालवण्याची व्यवस्था महाराजांनी केली आणि पुत्र नसलेल्यांच्या बायकांना निमे वेतन लावून दिले, असे सभासद बखर सांगते.

३/
पेशवेकालीन कागदांत यासाठी 'बालपरवेशी' असा शब्द भेटतो. कामी आलेल्या माणसाच्या मुलाबाळांच्या पालनपोषणासाठी सरकारातून मिळणारी ही नेमणूक. देणारा खजिना आणि घेणारे कुटुंब यांच्यामध्ये तिसरे कोणी नव्हते, हे तिचे वैशिष्ट्य. ज्याने देणे मान्य केले, तोच ते देत होता. पुढच्या इतिहासात नेमकी हीच गोष्ट हरवली.

४/
इंग्रजी अमलात १८६१ साली फौजदारी प्रक्रिया संहिता आली. ऐपत असूनही पत्नीला किंवा मुलाला न पोसणाऱ्या माणसाविरुद्ध दंडाधिकाऱ्याकडे दाद मागण्याची सोय तिच्या कलम ३१६ मध्ये होती. मूल औरस असो वा अनौरस, दोघांनाही हा हक्क होता. रकमेची कमाल मर्यादा मात्र महिना ५० रुपये.

५/
ही तरतूद फौजदारी कायद्यात का आली? उत्तर करुणेपेक्षा बंदोबस्ताकडे झुकणारे आहे. १८७२ च्या संहितेमागचे कायदेपंडित जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी या प्रकरणाकडे भटकेपणा आणि त्याचे परिणाम रोखण्याचे साधन म्हणून पाहिले. उपाशी मूल रस्त्यावर आले तर सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होतो, म्हणून बापाला बांधून घ्यायचे, असा हा विचार होता. मुलाचा स्वतःचा हक्क ही कल्पना अजून दूर होती.

६/
आता पुण्यात येऊ. त्या संहितेनंतर दोनच वर्षांनी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप यावे, बाळंत व्हावे आणि मूल न्यावे किंवा तिथेच ठेवावे, अशी मुभा होती. १८७४ मध्ये फुले दांपत्याने दत्तक घेतलेला यशवंत हा अशाच एका विधवेचा मुलगा.

७/
या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. कागदावर त्या विधवेच्या मुलाला बापाकडून पोटगी मिळण्याचा हक्क १८६१ पासूनच होता. पण तो मागायचा, तर तिने कचेरीत उभे राहून बापाचे नाव उघड घ्यायला हवे होते. ज्या समाजात नुसते गरोदरपण उघड होणे हेच संकट होते, तिथे हे कोण करणार? फुले दांपत्याने काढलेले गृह म्हणजे हक्क आणि तो मिळवण्याची वाट यांतील दरीवर बांधलेला खासगी पूल होता.

८/
पुढची शंभर वर्षे कायदा बदलला तो प्रामुख्याने आकड्यांत. १८९८ च्या संहितेत हेच कलम ४८८ व्या क्रमांकावर होते. ५० रुपयांची मर्यादा पुढे १०० झाली आणि १९५५ मध्ये ५०० झाली. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलाला पोसण्याची जबाबदारी बाप आणि आई या दोघांवर ठेवली. औरस-अनौरस हा भेद तिथेही आड आला नाही. १९७३ च्या नव्या फौजदारी संहितेत कलम १२५ आले, पण ५०० चा आकडा तसाच राहिला.

९/
दरम्यान एक वेगळा विचार मूळ धरत होता. १९५३ मध्ये चीनच्या दौऱ्यात दुर्गाबाई देशमुखांनी तिथली कौटुंबिक न्यायालये पाहिली. परतल्यावर त्यांनी हा विषय मुंबई उच्च न्यायालयातील न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांच्याशी, तसेच पंतप्रधान नेहरूंशी बोलून पाहिला. घरातल्या भांडणाला दिवाणी दाव्याची कुस्ती नको, वेगळी जागा आणि वेगळी माणसे हवीत, हा त्यांचा आग्रह होता.

१०/
हे बीज उगवायला तीन दशके लागली. मूळचे साताऱ्याचे असलेले गजेंद्रगडकर पुढे विधी आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांच्याच काळातील १९७४ च्या ५९ व्या अहवालाने कौटुंबिक खटल्यांसाठी वेगळी पद्धत हवी असे सुचवले. त्याच वर्षीच्या स्त्रियांच्या स्थितीवरील समितीच्या अहवालानेही कौटुंबिक न्यायालयांची शिफारस केली. कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ मध्ये झाला आणि पुण्यात असे न्यायालय १९८९ मध्ये सुरू झाले.

११/
या कायद्याने बरेच काही बदलले. विवाह समुपदेशक आले. वकील लावणे हा पक्षकाराचा हक्क राहिला नाही. न्यायालयाची परवानगी लागू लागली. पुराव्याचे कडक नियम सैल झाले. कलम १२५ खालचे दंडाधिकाऱ्याचे अधिकारही याच न्यायालयाकडे आले. एक गोष्ट मात्र राहून गेली. पोटगी ठरवणारे न्यायालय उभे राहिले, पण ती दर महिन्याला वसूल करून मुलापर्यंत पोहोचवणारे कार्यालय उभे राहिले नाही.

१२/
इतर देशांनी नेमके हेच कार्यालय उभारले होते. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने मुलांच्या पोटगीची वसुली हा केंद्र आणि राज्ये यांचा संयुक्त कार्यक्रम झाला. पुढे पोटगी थेट पगारातून कापण्याची पद्धत रुळली. १९९६ च्या कायद्यानुसार नव्या कर्मचाऱ्याची माहिती मालकाने २० दिवसांच्या आत सरकारला कळवायची असते. बापाने नोकरी बदलली, तरी वसुली त्याच्या मागोमाग जाते. ऑस्ट्रेलियाने १९८८ मध्ये हे काम थेट कर खात्याकडे सोपवले.

१३/
कार्यालय काढले की प्रश्न सुटला, असेही नाही. ब्रिटनची चाइल्ड सपोर्ट एजन्सी १९९३ मध्ये सुरू झाली. आकारणीचे सूत्र किचकट निघाले, संगणक यंत्रणा अडखळली आणि थकबाकीचे डोंगर साचले. अखेर २०१२ पासून तिची जागा नव्या व्यवस्थेने घ्यायला सुरुवात केली. वसुलीची यंत्रणा साधी नसेल तर तिच्याच दारात रांगा लागतात, हा त्यातला धडा.

१४/
महाराष्ट्रात तेव्हा काय चालले होते? नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीत शेतजमिनींवर आयटी पार्क आकार घेत होता. त्याच सुमारास कलम १२५ ची मर्यादा मात्र १९५५ चीच होती, महिना ५०० रुपये! महाराष्ट्राने १९९९ मध्ये ती १५०० केली. २००१ मध्ये केंद्राने मर्यादाच काढून टाकली आणि अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत निकाली काढावा, असे सांगितले.

१५/
हे ६० दिवस प्रत्यक्षात किती लांबतात? 'रजनेश विरुद्ध नेहा' हे प्रकरण नागपूरचे. २०१३ मध्ये नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज झाला, तेव्हा मूल तान्हे होते. अंतरिम हुकूम २०१५ मध्ये झाला : पत्नीला १५,००० आणि मुलाला आधी ५,००० व पुढे १०,००० रुपये. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो कायम ठेवला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ४ नोव्हेंबर २०२० चा. तोवर मूल शाळेत जाण्याच्या वयाचे झाले होते आणि थकबाकी उरलेलीच होती.

१६/
त्या निकालाने देशभरातल्या न्यायालयांना नियम घालून दिले. दोन्ही पक्षांनी मालमत्ता, उत्पन्न आणि देणी यांचे शपथपत्र द्यायचे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची, म्हणजे खटला रेंगाळण्याचा फायदा देणाऱ्याला होत नाही. आणि पोटगीचा हुकूम दिवाणी न्यायालयाच्या पैशाच्या हुकूमनाम्याप्रमाणेही अमलात आणता येईल.

१७/
म्हणून आज कौटुंबिक न्यायालयाचा कारभार नव्याने हाती घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे साधने कमी नाहीत :
• शपथपत्र, म्हणजे उत्पन्न लपवण्याला पहिला अडसर.
• कलम १२५ चा वारसा चालवणारे, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४. हुकूम न पाळणाऱ्याला थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद. कैद भोगली म्हणून थकबाकी माफ होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे.
• दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६०. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित असतो. इतर कर्जांच्या बाबतीत कर्जदाराला याहून पुष्कळ जास्त संरक्षण आहे.
• कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५, कलम २०(६). पगारातला हिस्सा थेट पीडितेला द्या किंवा न्यायालयात भरा, असा आदेश दंडाधिकारी मालकाला देऊ शकतात.

१८/
यातले शेवटचे साधन हिंजवडीसाठी सर्वांत बोलके आहे. इथला पगार बँकेतून होतो, त्यावर कर कापला जातो, भविष्यनिर्वाह निधी जमा होतो. त्याची नोंद नसणे जवळपास अशक्य. तरीही नोकरी बदलली की नव्या कंपनीचे नाव शोधून न्यायालयात पुन्हा अर्ज करण्याचे काम बहुधा आईवरच पडते. थकबाकीसाठी वॉरंट मागायचे, तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. घड्याळ तिच्याविरुद्ध चालते.

१९/
बाप परदेशी गेला तर? १९२१ चा पोटगी आदेश अंमलबजावणी कायदा साम्राज्याच्या काळातला. परस्पर मान्यता दिलेल्या प्रदेशांपुरतीच त्याची धाव. मुलांच्या पोटगीच्या आंतरराष्ट्रीय वसुलीसाठी २००७ मध्ये हेग येथे झालेल्या करारात भारत सामील नाही. 'ऑनसाइट' गेलेला पगार त्यामुळे हुकुमाच्या टप्प्याबाहेर जाण्याची शक्यता मोठी.

२०/
बालपरवेशीपासून २०२० च्या निकालापर्यंत पाहिले तर मुलाला पोसावे की नाही, यावर फारसा वाद नव्हता. सभासदाला ते मान्य होते, १८६१ च्या संहितेला मान्य होते, १९५६ च्या कायद्यालाही. वाद झाला तो किती, केव्हापासून आणि कोणाला यांवर. 'कोण पोहोचवणार' हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारला.

२१/
दर महिन्याला ठरल्या तारखेला, आईने कुणाच्या पाया न पडता, मुलाच्या नावे पैसे जमा होणे ही कारकुनी गोष्ट वाटते. पण १८६३ च्या पुण्यात जो पूल दोन माणसांना स्वतःच्या घरात बांधावा लागला, तो सरकारी खर्चाने बांधला जाणे म्हणजे हीच कारकुनी गोष्ट. दुर्गाबाईंच्या आग्रहापासून ३१ वर्षांनी कायदा झाला आणि ३६ वर्षांनी पुण्यात न्यायालय सुरू झाले. मूल अठरा वर्षांत मोठे होते.

(समाप्त)