एकच देव, एकच चर्च. मग मजूर उपाशी का?

धर्म एक असला की माणसे एक होतात, असे आपल्याला सतत ऐकवले जाते. ‘आपण सगळे एकाच धर्माचे, मग जातीचे कशाला काढता?’ हा प्रश्न आम्ही आयुष्यभर ऐकत आलो. त्याचे उत्तर द्यायला दर वेळी गावकुसाबाहेरच्या वस्तीकडेच बोट दाखवावे लागते असे नाही. ते उत्तर अमेरिकेतल्या द्राक्षमळ्यांतही सापडते.

अमेरिकेच्या 2020 च्या जनगणनेत 6 कोटी 20 लाखांहून अधिक लोक ‘हिस्पॅनिक’ म्हणून मोजले गेले. नाव एक, पण त्यात मेक्सिकन, प्युर्टो रिकन, क्युबन असे अनेक समाज आहेत; गोरे, काळे, मूलनिवासी आणि मिश्र वंशाचे लोक आहेत. स्पेनने आपल्या अमेरिकी वसाहतींत रक्तानुसार उतरंड रचली होती. सर्वात वर स्पेनमध्ये जन्मलेला गोरा, त्याखाली वसाहतीत जन्मलेला गोरा, मग मिश्र रक्ताचे आणि तळाशी मूलनिवासी व आफ्रिकेतून आणलेले गुलाम. या मिश्र वर्गांना ‘कास्ता’ म्हणत. पोर्तुगीजांनी हाच शब्द आपल्या जातींना लावला आणि त्यावरूनच इंग्रजीतला ‘कास्ट’ रूढ झाला. बाप्तिस्मा सगळ्यांना मिळाला, पण उतरंड मोडली नाही.

आता गरिबी पाहा. 2019 च्या सरकारी आकडेवारीत हिस्पॅनिक नसलेल्या गोऱ्यांमध्ये गरिबीचे प्रमाण 7.3 टक्के होते, हिस्पॅनिकांमध्ये 15.7 आणि काळ्यांमध्ये 18.8. हे नशीब नव्हे. 1935 साली अमेरिकेने कामगारांना संघटित होण्याचा हक्क देणारा कायदा केला, पण त्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले. ही कामे कोण करत होते? दक्षिणेत मुख्यतः काळे, पश्चिमेत मेक्सिकन आणि फिलिपिनो. कायद्यात वंशाचे नाव कुठेच नव्हते. वगळायचे त्यांना बरोबर वगळले गेले!

कॅलिफोर्नियातल्या डेलॅनो इथल्या द्राक्षमळ्यांत या वगळलेल्यांनीच लढा उभारला. मालकांची रीत जुनी होती. फिलिपिनोंनी संप केला की मेक्सिकन आणायचे, मेक्सिकनांनी केला की फिलिपिनो. 8 सप्टेंबर 1965 रोजी लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजूर संपावर गेले. मागणी होती तासाला 1.40 डॉलर मजुरीची. या वेळी मालकांचा डाव फसला. 16 सप्टेंबरला सीझर चावेझ आणि डोलोरेस ह्युर्टा यांच्या संघटनेतल्या मेक्सिकन मजुरांनी संपफोडे व्हायला नकार दिला आणि ते संपात उतरले.

इथेच धर्माचा प्रश्न येतो. 1966 च्या वसंतात मजूर डेलॅनोहून राजधानी सॅक्रामेंटोपर्यंत चालत गेले. पुढे ग्वादालूपेच्या मातेचा झेंडा होता. ही सावळ्या वर्णाची माता, मूलनिवासी माणसाला दर्शन देणारी म्हणून पूजली जाते. पण मळ्यांचे अनेक मालकही क्रोएशियन आणि इटालियन वंशाचे कॅथलिकच होते. मालक आणि मजूर त्याच मातेपुढे गुडघे टेकत आणि सोमवारी एक मालक असे, दुसरा मजूर. उलट, मजुरांच्या पाठीशी सुरुवातीपासून उभे राहिलेले पाद्री प्रोटेस्टंट होते. पुढे कॅथलिक बिशपांनी मध्यस्थी केली आणि तिचा उपयोगही झाला, हे आम्ही नाकारत नाही. पण ती केव्हा झाली? देशभर द्राक्षांवर बहिष्कार पडून मालकांच्या खिशाला चटका बसल्यावर. जुलै 1970 मध्ये मालकांनी करारावर सह्या केल्या.

मग सारे गोड झाले का? नाही. संयुक्त संघटनेत मेक्सिकनांची संख्या मोठी होती आणि फिलिपिनोंचा आवाज दबत गेला. ज्यांनी संपाला सुरुवात केली, ते इटलियाँग 1971 मध्ये संघटनेतून बाहेर पडले. शोषितांच्या एकजुटीतही वर-खाली असते.

हे आम्हांला नवे नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात येऊ दिले जात नव्हते. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. दहा वर्षांनी मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. जे फक्त दुसऱ्याचेच नाव घेतात, त्यांनी डेलॅनोचा हा उत्तरार्धही वाचावा.

आज हिस्पॅनिकही आपल्या श्रद्धेचा पुनर्विचार करत आहेत. प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीनुसार 2010 मध्ये त्यांच्यातले 67 टक्के प्रौढ कॅथलिक होते, 2022 मध्ये 43 टक्के उरले. कोणताच धर्म न मानणारे 10 टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर गेले. धर्म सोडला की पोट भरते, असा दावा आम्ही करणार नाही. पण धर्म बदलता येतो, हे ज्याला कळते त्याला उतरंडही बदलता येते, हे कळायला वेळ लागत नाही.

म्हणून ‘आपण सगळे एक’ म्हणणाऱ्याला आम्ही एवढेच विचारतो: मजुरी किती देता, शेजारी बसवता का आणि संघटनेत खुर्ची कोणाला देता? या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत तुमची एकता तुमच्यापाशीच ठेवा.

जय भीम!