उरलेली रजा

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. दिवाळीत नाशिकला माळा आवरताना बाबांचं रजेचं पुस्तक सापडलं, सातपूरच्या कारखान्यातलं. मिळालेली, घेतलेली, शिल्लक असे रकाने. 'घेतलेली'खाली बहुतेक वर्षं नुसती रेघ. बाबा म्हणायचे, "पीएल म्हणजे बँकेतले पैसे रे, उगाच मोडायचे नसतात." निवृत्त झाले तेव्हा शिल्लक रजेचे पैसे हातात आले आणि ते ताईच्या लग्नाला लागले.

माझं उलट झालं. पहिली नोकरी सोडली तेव्हा २४ दिवस शिल्लक होते. फुल अँड फायनलच्या कागदावर त्यांचा पत्ताच नाही. विचारलं तर उत्तर आलं, "लॅप्स झाली. पॉलिसीच आहे तशी." मी गप्प बसलो. बाबा मात्र चिडले. "मागून आणलेली होती का ती? काम करून मिळवलेली होती!"

त्या वाक्यामुळे जुनं वाचायला घेतलं. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडला. पण भरपगारी वार्षिक रजा अजून खूप लांब होती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९३६ च्या करारात वर्षाला किमान ६ दिवसांची रजा धरली. आपल्याकडे डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४५ ला कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ जानेवारी १९४६ पासून प्रौढ कामगाराला वर्षाला १० दिवस भरपगारी रजा मिळू लागली.

मग १९४८ चा कारखाने कायदा आला. त्याच्या ७९ व्या कलमातला हिशोब मला फार बोलका वाटतो: वीस दिवस कामाला एक दिवस रजा. म्हणजे रजा ही मालकाची मेहेरबानी नाही, ती कामाबरोबर थेंबाथेंबाने साठत जाते. म्हणूनच पुढे कामगाराने नोकरी सोडली, त्याला काढलं, तो निवृत्त झाला किंवा वारला, तरी शिल्लक रजेचे पैसे द्यायचे, वारल्यास वारसाला, असं कायद्यात आलं. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत रजेसाठी २४० ऐवजी १८० दिवस काम पुरतं. पण हे सगळं 'कामगारा'साठी. माझ्या कार्डावर 'असिस्टंट मॅनेजर' छापलेलं. पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम काय, हे कोर्ट बघतं म्हणे, पण तेव्हा मला कुठे ठाऊक होतं!

मालकांची बाजू अगदीच खोटी नाही. दहा माणसांच्या वर्कशॉपला एकदम दोन महिन्यांच्या रजेचे पैसे काढणं जड जातं. आणि रजा विश्रांतीसाठी असते, साठवून विकायला नव्हे, हेही खरंच. पण विश्रांतीची इतकी काळजी असेल तर रजेचा अर्ज आल्यावर "सध्या कामाचं प्रेशर आहे" का म्हणायचं? घेऊही द्यायची नाही आणि पैसेही द्यायचे नाहीत, म्हणजे वीस दिवसांमागचा एक दिवस फुकट राबवून घेतल्यासारखंच झालं.

तेव्हा माझं मत बाबांसारखंच: पैसे दिलेच पाहिजेत.

पण पुस्तक मिटताना आईची आठवण आली. तिला एकदा काशीला जायचं होतं. "पुढच्या वर्षी बघू," असं बाबा दर वर्षी म्हणायचे. रजा शिल्लक राहिली, तिचे पैसेही पूर्ण मिळाले. आई मात्र काशीला न जाताच गेली.

असो. तुमची किती शिल्लक आहे? निदान चार दिवस तरी घ्या.