‘गुताइ’ : नाव आणि कृती

जपानी चित्रकार शोझो शिमामोतो (१९२८–२०१३) यांच्या ‘छिद्रे’ या चित्रमालिकेस ‘अमूर्त’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो तपासून पाहण्याजोगा आहे. युद्धोत्तर टंचाईच्या काळात त्यांना कॅनव्हास परवडत नसे. म्हणून त्यांनी वर्तमानपत्रे पिठाच्या खळीने एकावर एक चिकटवून त्यांवर रंग चढविला. काम करता करता कागद फाटला, भोक पडले. ते बुजविण्याऐवजी त्यांनी त्यालाच चित्रात मानाचे स्थान दिले. मालिकेतील १९५४ सालचे एक चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यात कशाचीही आकृती नाही. आहे तो रंग, कागद आणि फाटलेल्या कडा.

त्याच वर्षी आशिया येथे (हे खंडाचे नव्हे, ओसाका व कोबे यांमधील नगराचे नाव) जिरो योशिहारा यांच्या नेतृत्वाखाली एक कलामंडळ स्थापन झाले. त्याचे ‘गुताइ’ हे नाव शिमामोतो यांनीच सुचविले. या शब्दातील पहिल्या चिन्हाचा अर्थ साधन, दुसऱ्याचा देह. जपानीत अमूर्तास ‘चूशो’ म्हणतात आणि ‘गुताइ’ हा त्याचा रूढ विरुद्धार्थी शब्द होय. म्हणजे ज्यांना जग अमूर्त चित्रकार म्हणते, त्यांनी स्वतःस बुद्धिपुरस्सर ‘मूर्त’ म्हणवून घेतले. १९५६ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या जाहीरनाम्यात योशिहारांनी यामागील भूमिका मांडली : कलेने द्रव्याचे रूप पालटू नये, त्यास सजीव करावे. फाटलेला कागद येथे दुसऱ्या कशाचे प्रतीक नाही. तो कागदच आहे. मराठीतील ‘अमूर्त’ हा नकारार्थी शब्द नेमकी हीच गोष्ट झाकून टाकतो. योशिहारांच्या निधनानंतर, १९७२ मध्ये, मंडळ विसर्जित झाले.