इरेझरहेड : बाप होण्याच्या भीतीवरचा हा भयपट नेमका काय आहे?

बाळ झालं की सगळे आईची आणि बाळाची विचारपूस करतात. बाप घाबरलाय का, हे फारसं कुणी विचारत नाही. अमेरिकी दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांच्या ‘इरेझरहेड’ (१९७७) या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटात तीच भीती दिसते. कृष्णधवल, ८९ मिनिटांचा आणि एखाद्या वाईट स्वप्नासारखा.

कथा काय?

हेन्री छापखान्यात काम करणारा अबोल माणूस. मैत्रीण मेरीच्या घरी जेवायला गेल्यावर त्याला कळतं, की मूल झालंय आणि आता लग्न करावं लागणार. बाळ वेळेआधी जन्मलेलं, अंग बँडेजमध्ये गुंडाळलेलं, चेहरा माणसासारखा नाही. त्याच्या सततच्या रडण्याला कंटाळून मेरी माहेरी जाते. हेन्री बाळासोबत एकटा उरतो.

नाव असं का?

हेन्रीला स्वप्न पडतं. त्यात त्याचं डोकं तुटतं आणि कारखान्यात त्यापासून पेन्सिलीमागचे खोडरबर बनतात. बाप होताना आपणच पुसले जाऊ, अशी भीती त्यात दिसते.

भीती कशाची?

यातलं बाळ कुणावर हल्ला करत नाही. ते फक्त आजारी पडतं आणि रडतं. हेन्री ताप बघतो, वाफ देतो. पण दाराबाहेर पाऊल टाकलं की रडणं सुरू. ज्याने तान्हं मूल सांभाळलंय, त्याला ही खोली ओळखीची वाटेल. शेवटी हेन्री जे करतो ते भयंकर आहे आणि चित्रपट त्याची बाजू घेत नाही.

खऱ्या आयुष्याशी संबंध?

लिंच २२ व्या वर्षी फिलाडेल्फियात बाप झाले. १९६८ मध्ये जन्मलेल्या मुलगी जेनिफरचे पाय जन्मतः वाकडे होते. अनेक समीक्षक चित्रपटाचा धागा तिथे जोडतात. लिंच यांनी मात्र अर्थ कधीच सांगितला नाही, पडद्यावरचं बाळ कसं बनवलं तेही नाही. जेनिफरही पुढे दिग्दर्शक झाल्या. मल्लिका शेरावतचा ‘हिस्स’ (२०१०) त्यांचाच.

पुढे काय झालं?

पैसे संपत गेल्याने चित्रपट पूर्ण व्हायला सुमारे पाच वर्षं लागली. लिंच पेपर टाकून पैसे जमवत. मध्यरात्रीच्या खेळांमधून चित्रपट गाजला आणि २००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याची निवड झाली.