वारा, हरिण आणि पारध्याची गाय

धनुष्याचा पल्ला लहान. त्यामुळे हरणाच्या पुष्कळ जवळ जाणे भाग असे. शिकारी वारा तोंडावर घेऊनच पुढे सरके. वारा पाठीकडून वाहू लागला की मनुष्यगंध त्याच्या आधी कळपापर्यंत पोहोचे.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात (इ.स. ११३०च्या सुमारास) मृगया हा राजविनोद आहे. पारध्यांची मात्र ती उपजीविका. त्यांच्यातील ‘गाय पारधी’ शिकवलेल्या गाईच्या आडून काळविटांना गाठत. गाईमुळे माणूस दिसत नसे. गंधासाठी वाऱ्याचेच भान हवे.

या ज्ञानाची नोंद वसाहती सरकारने कशी घेतली? १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा विळखा पुढे पारध्यांभोवतीही पडला. तो १९५२मध्ये रद्द झाला. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवरही बंधने आली.