यहुदी समाज आणि भारतीय चित्रपट

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, ह्या शहरांत आलेला प्रवासी केव्हां ना केव्हां क्रांती चौकांत येतोच. आज तेथें श्रीशिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा उंच चौथऱ्यावर उभा आहे आणि खालून वाहनांची वर्दळ अखंड चाललेली असते. परंतु जुन्या पिढ्यांना हें स्थळ काळा चबुतरा ह्या नांवानें परिचित होतें. १८५७ सालीं औरंगाबादेच्या छावणींतील हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळानें बंडाचें निशाण उभारलें. तें बंड मोडल्यावर कित्येक शिपायांस फांशीं देण्यांत आलें व कित्येकांस तोफेच्या तोंडीं देण्यांत आलें. त्या बलिदानाची स्मृति राहावी म्हणून काळ्या चबुतऱ्याचा क्रांती चौक झाला. जागेचें नांव बदलतें तें बहुधा असें कांहीं स्मरणांत ठेवण्यासाठीं. माणसाचें नांव बदललें म्हणजे मात्र पुष्कळदां त्याचें कुळ आणि गांव लोकांच्या विस्मरणांत जातें. भारतीय चित्रपटाच्या इतिहासांत यहुदी समाजाच्या वाट्याला आलें तें हें दुसऱ्या प्रकारचें नामांतर होय.

ह्या शहरांत अलीकडे कांहीं वर्षें अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरत आला आहे व तेथें देशोदेशींचे चित्रपट दाखविले जातात. चित्रपटांच्या उत्सवांचा आणखीही एक प्रकार जगांत रूढ झाला आहे. एखादा समाज, बहुधा संख्येनें लहान आणि अनेक देशांत विखुरलेला, आपल्या जीवनाविषयींचे चित्रपट एकत्र करून ते आपल्या मुलाबाळांना व शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवितो. अमेरिकेंतील सॅन फ्रॅन्सिस्को शहरीं १९८० सालीं यहुदी चित्रपटांच्या अशा उत्सवाची स्थापना झाली आणि पुढें इतर अनेक नगरांनीं तो प्रघात उचलला. आजी-आजोबांची बोली, सणवार, स्थलांतराच्या कथा, युरोपांत झालेल्या भीषण संहाराची आठवण, हें सारें त्या चित्रपटांतून समाज पुन्हां पाहतो.

आतां असा उत्सव मराठी मुलखांत भरवावयाचें ठरलें, तर त्यांत कोणते चित्रपट दाखवावयाचे? प्रश्न सोपा वाटतो, पण तो सोपा नाहीं. यहुदी स्त्री-पुरुषांनीं मुंबईच्या चित्रपटसृष्टीच्या पायाभरणींत इतका मोठा वाटा उचलला आहे कीं, त्यांस वगळून तिचा इतिहास लिहितांच येणार नाहीं. मात्र ह्या मंडळींनीं काम केलेल्या चित्रपटांत त्यांचें स्वतःचें घर, त्यांचा शब्बाथ, त्यांचें सिनेगॉग शोधूं गेल्यास हातीं फारसें कांहीं लागत नाहीं.

प्रथम हा समाज कोणता, तें पाहिलें पाहिजे. महाराष्ट्रांतील यहुद्यांचा मुख्य भाग म्हणजे बेने इस्राएल. फार प्राचीन काळीं कोंकण किनाऱ्यावर नवगांवजवळ त्यांच्या पूर्वजांचें गलबत फुटलें आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढीं वांचलीं, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. कोंकणांत त्यांनीं तेलाचे घाणे चालविले. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून गांवकरी त्यांस शनिवार तेली म्हणूं लागले. त्यांची मातृभाषा मराठी आणि आडनांवें गांवांवरून पडलेलीं: चेऊलकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर. मुंबईंतील त्यांचें पहिलें सिनेगॉग १७९६ सालीं बांधणारा सॅम्युअल इझिकिएल दिवेकर हा सामाजी हसाजी ह्या नांवानेंही ओळखला जाई, आणि दोन्ही नांवें एकाच माणसाच्या अंगावर सुखानें नांदत. १८८० च्या सुमारास ह्या समाजानें अब्राहाम आदि पूर्वजांचीं आख्यानें मराठी कीर्तनांतून गाण्याची प्रथा सुरू केली. दुसरा गट बगदादी यहुद्यांचा. १८३२ च्या सुमारास मुंबईस आलेल्या डेव्हिड ससून यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या मागोमाग तो मुंबई, पुणें व कलकत्ता येथें स्थिरावला. पुण्याचें लाल देऊळ हें त्याच ससून घराण्याचें स्मारक आहे. ह्या गटाची राहणी व शिक्षण लवकरच इंग्रजी वळणाचें झालें.

१९१३ सालीं दादासाहेब फाळके यांनीं 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हां तारामतीच्या भूमिकेसाठीं त्यांस एकही स्त्री मिळाली नाहीं. अखेर उपाहारगृहांत काम करणारा अण्णा साळुंके नांवाचा तरुण तारामती झाला, आणि १९१७ च्या 'लंकादहन' चित्रपटांत राम व सीता ह्या दोन्ही भूमिका त्यानेंच केल्या. कुलीन हिंदु व मुसलमान घरांत नाटक-सिनेमाचें नांव काढणेंही त्या काळीं लज्जास्पद मानीत. बगदादी यहुदी व अँग्लो-इंडियन मुलींची गोष्ट वेगळी होती. त्या शाळेंत शिकत, कचेऱ्यांतून व टेलिफोन खात्यांत नोकऱ्या करीत, त्यांना पडदा नव्हता. शिवाय चित्रपट मुका होता, त्यामुळें कोणती भाषा बोलतां येते हा प्रश्नच उद्भवत नव्हता. समाजांतील एका रूढीनें बंद ठेवलेलें दार ह्या मुलींनीं उघडलें, आणि मागाहून त्यांतून सर्व जातिधर्मांच्या स्त्रिया आंत आल्या.

ह्या मुलींत अग्रगण्य म्हणजे रूबी मायर्स. १९०७ सालीं पुण्यास जन्मलेली ही बगदादी यहुदी मुलगी मुंबईंत टेलिफोन ऑपरेटर होती. कोहिनूर कंपनीचे दिग्दर्शक मोहन भवनानी यांनीं तिला पाहिलें आणि १९२५ च्या 'वीर बाला'पासून ती सुलोचना ह्या नांवानें पडद्यावर आली. (मराठी प्रेक्षकांच्या परिचयाच्या सुलोचनादीदी निराळ्या.) 'टाइपिस्ट गर्ल', 'सिनेमा क्वीन' ह्या चित्रपटांनीं तिचा लौकिक झाला. १९२७ च्या 'बंबईकी बिल्ली'मध्यें तिनें माळी, पोलीस शिपाई, हैदराबादी गृहस्थ, रस्त्यावरचें पोर अशा एकंदर आठ भूमिका वठविल्या. तिचा पगार मुंबईच्या गव्हर्नरापेक्षां अधिक आहे, अशी त्या काळीं वदंता होती.

१९३१ सालीं चित्रपट बोलूं लागला आणि हीच नटी एका दिवसांत मुकी ठरली, कारण तिला हिंदुस्थानी नीट येत नव्हती. तिनें वर्षभर काम थांबवून भाषेचा अभ्यास केला आणि १९३२ सालीं 'माधुरी' बोलपटांतून ती परत आली. तिच्या आयुष्याचा आलेख 'अनारकली' ह्या एकाच कथेवरून काढतां येतो. १९२८ च्या मूकपटांत ती अनारकली होती, १९३५ च्या बोलपटांतही तीच अनारकली होती, आणि १९५३ सालीं तीच कथा तिसऱ्यांदा पडद्यावर आली तेव्हां अनारकली बीना राय झाली आणि सुलोचनेच्या वाट्याला सलीमच्या आईची भूमिका आली. १९७३ सालचें दादासाहेब फाळके पारितोषिक तिला देण्यांत आलें. तारामतीसाठीं एकही स्त्री न मिळालेल्या फाळक्यांच्या नांवाचें पारितोषिक तिला मिळावें, हें सर्वथा योग्यच झालें. १९८३ सालीं मुंबईंत तिचें निधन झालें.

बोलपटानें एका यहुदी नटीपुढें अडचण उभी केली खरी, पण त्या बोलपटाला शब्द देणारा लेखकही बेने इस्राएलच होता. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत झळकलेला 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट ज्या नाटकावरून घेतला, तें जोसेफ डेव्हिड यांचें. त्यांचें आडनांव पेणकर. पारशी नाटक मंडळ्यांसाठीं नाटकें लिहून त्यांची लेखणी तयार झालेली होती. १९३३ च्या वाडियांच्या 'लाल-ए-यमन'चें लेखन व संगीतही त्यांचेंच. बोलपटाच्या जन्मकथेंत अर्देशिर इराणींचें नांव प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतें. पेणचें नांव मात्र त्या कथेशीं कोणी जोडीत नाहीं.

पुढच्या पिढींतही हा ओघ आटला नाहीं. बेने इस्राएल समाजांतील सुझन सॉलोमन ही फिरोजा बेगम ह्या नांवानें हिंदी व मराठी चित्रपटांत आली. कलकत्त्याची एस्तेर व्हिक्टोरिया अब्राहाम ही प्रमिला झाली. तिनें 'उलटी गंगा', 'बसंत' अशा चित्रपटांत कामें केलीं, स्वतः चित्रपट काढले, आणि १९४७ सालीं पहिली मिस इंडिया होण्याचा मान मिळविला. फ्लॉरेन्स इझिकिएल ही नादिरा झाली. मेहबूब खानांच्या 'आन' (१९५२) चित्रपटांतील गर्विष्ठ राजकन्या आणि 'श्री ४२०' (१९५५) मधील माया ह्या तिच्या भूमिका अद्याप कोणी विसरलेलें नाहीं. कलकत्त्याचे एडविन मायर्स हे एझ्रा मीर ह्या नांवानें दिग्दर्शक झाले आणि पुढें फिल्म्स डिव्हिजनचे मुख्य निर्माते म्हणून माहितीपटांचे एक आधारस्तंभ ठरले. सुलोचना व प्रमिला हीं हिंदु नांवें, फिरोजा व नादिरा हीं मुसलमानी वळणाचीं. कोणतेंही नांव धारण करण्यास ह्या मंडळींनीं हरकत घेतली नाहीं, परंतु त्यायोगें प्रेक्षकाच्या दृष्टीनें तीं यहुदी राहिलीं नाहींत.

मराठी माणसाला सर्वांत जवळचें उदाहरण डेव्हिड यांचें. ठेंगणी मूर्ति, टक्कल, प्रसन्न हास्य आणि प्रेमळ आवाज, असे हे गृहस्थ शंभरांहून अधिक चित्रपटांत दिसले. १९५४ च्या 'बूट पॉलिश'मध्यें अनाथ मुलांना भीक सोडून कष्टानें जगावयास शिकविणारा जॉनचाचा त्यांनीं उभा केला आणि त्याबद्दल त्यांस फिल्मफेअर पारितोषिक मिळालें. १९६९ सालीं पद्मश्री आली. १९७९ च्या 'गोलमाल' आणि 'बातों बातों में' पर्यंत ते घरोघरच्या काकांसारखे वाटत राहिले. चित्रपटाच्या नामावलींत त्यांचें नांव नुसतें डेव्हिड असें येई. जॉनचाचा ख्रिस्ती, तेव्हां तो साकारणारा नटही ख्रिस्तीच असावा, असें प्रेक्षकास वाटणें स्वाभाविक होतें. त्यांचें पूर्ण नांव डेव्हिड अब्राहाम चेऊलकर. अलिबागेजवळच्या चौल बंदराचा तो चेऊलकर. त्या नामावलींत हा एक शब्द अधिक असता, तर सबंध महाराष्ट्रानें त्यांस आपल्या शेजारच्या आळींतला माणूस म्हणून ओळखलें असतें.

ह्याच्या उलट, पडद्यावर यहुदी पात्रें आलीं तेव्हां काय झालें? आगा हश्र काश्मिरी यांच्या गाजलेल्या नाटकावरून १९३३ सालीं न्यू थिएटर्सनें 'यहुदी की लडकी' काढला. त्यांत सैगल व रतनबाई होत्या. १९५८ सालीं बिमल रॉय यांनीं त्याच कथेवर 'यहुदी' काढला. यहुदी जवाहिऱ्या एझ्रा झाले सोहराब मोदी, त्याची मानलेली कन्या झाली मीना कुमारी, आणि रोमन राजपुत्र झाले दिलीप कुमार. कथा प्राचीन रोममधली, संवाद उंची उर्दूंतले. मुंबईच्या इस्राएल मोहल्ल्यांत राहणाऱ्या, घरांत मराठी बोलणाऱ्या यहुद्याचा तिच्याशीं कांहीं संबंध नव्हता. मुंबईंतील यहुदी राजकन्या, मोहक खलनायिका, ख्रिस्ती चाचा, सारें कांहीं झाले. पडद्यावरचा यहुदी मात्र पारशी व मुसलमान नटांनीं उभा केला. ह्यांत कोणाचा दुष्ट हेतु नव्हता. त्या काळच्या स्टुडिओंत सर्व धर्मांचीं माणसें एकत्र जेवीत व काम करीत, आणि कोणी कोणाची भूमिका करावी ह्यास मुळीं बंधनच नव्हतें. हें औदार्य खरोखर मोठें होतें. पण त्याच औदार्यांत एका लहान समाजाचा चेहरा विरून गेला, हेंही तितकेंच खरें.

समाज मोठा असता तर ह्याची खंत वाटण्याचें कारण नव्हतें. परंतु स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या आसपास असलेले बेने इस्राएल १९४८ नंतर मोठ्या संख्येनें इस्राएल राष्ट्रांत गेले. तेथेंही आपण पूर्ण यहुदी आहों हें मान्य करून घेण्यासाठीं त्यांस १९६४ पर्यंत झगडावें लागलें. त्यांनीं तेथें मराठी टिकविली, 'मायबोली' नांवाचें नियतकालिक चालविलें. महाराष्ट्रांत उरलेल्या यहुद्यांस राज्य सरकारनें २०१६ सालीं अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली, तोंवर ते कांहीं हजारच उरले होते. २०१७ सालीं डॅनी बेन-मोशे ह्या ऑस्ट्रेलियांतील दिग्दर्शकानें ह्या नटनट्यांवर 'शालोम बॉलिवुड' हा माहितीपट काढला. हें काम परदेशांतल्या माणसाला करावें लागलें, ही गोष्ट मराठी चित्रपटरसिकांनीं मनाला लावून घेण्यासारखी आहे.

उत्सवासाठीं साहित्य तरी काय उरलें आहे? जुनी फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी आणि काळाबरोबर कुजणारी. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. मूकपटांपैकीं बहुतेक नष्ट झाले, आणि पुण्याचें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं स्थापन झालें तेव्हां फार उशीर झालेला होता. परंतु 'आन' आहे, 'श्री ४२०' आहे, 'बूट पॉलिश' आहे, आणि १९५३ चा 'अनारकली'ही आहे. हे चित्रपट यहुदी जीवनाचे नसले, तरी यहुदी माणसांच्या श्रमाचे आहेत, आणि महाराष्ट्रांत असा उत्सव भरेल तेव्हां त्याचा आरंभ त्यांपासूनच होऊं शकेल. दिवे मालवण्यापूर्वीं कोणीतरी उभें राहून खरीं नांवें वाचून दाखवावींत, एवढेंच पुरे: पुण्याची रूबी मायर्स, पेणचे जोसेफ डेव्हिड, चौलचे डेव्हिड अब्राहाम. मग तीं माणसें पडद्यावर कोणत्याही वेषांत आलीं, तरी प्रेक्षक त्यांस ओळखतील.