डक सूप : शेवटचा प्रसंग

‘डक सूप’ हा अमेरिकी विनोदी चित्रपट नोव्हेंबर १९३३ मध्ये पडद्यावर आला. निर्मिती पॅरामाउंटची, दिग्दर्शन लिओ मॅकरी यांचे, लांबी ६८ मिनिटे. ग्राउचो, हार्पो, चिको आणि झेपो हे चारही मार्क्स बंधू एकत्र दिसले ते या चित्रपटात शेवटचे. त्याचा शेवट धसमुसळ्या विनोदातल्या सर्वांत निर्भीड शेवटांपैकी एक आहे.

फ्रीडोनिया हे दिवाळखोर राष्ट्र. धनाढ्य विधवा श्रीमती टीझडेल (मार्गारेट ड्युमाँट) कर्ज द्यायला तयार होतात, पण रूफस फायरफ्लायच्या (ग्राउचो) हाती सत्ता द्यावी या अटीवर. शेजारच्या सिल्व्हेनियाचा राजदूत ट्रेन्टिनो (लुई कॅल्हर्न) याला हा देश गिळायचा असतो. युद्धाचे निमित्त मात्र क्षुल्लक ठरते. समेटाच्या भेटीपूर्वी फायरफ्लाय मनाशी कल्पना करतो, की आपण हात पुढे केला आणि ट्रेन्टिनोने तो नाकारला तर? बोलता बोलता त्याचा पारा चढतो आणि ट्रेन्टिनो दारातून आत येताच तो त्याच्या मुस्काटात ठेवून देतो.

युद्धाच्या दृश्यांत फायरफ्लायचा पोशाख सतत बदलतो. कधी अमेरिकी यादवीतल्या उत्तरेचा गणवेश, कधी दक्षिणेचा, मग बालवीरांच्या नायकाचा, पुढे रॅकूनच्या कातड्याची टोपी. याचे स्पष्टीकरण कोणी देत नाही. गणवेश कोणत्याही बाजूचा असो, आतला माणूस तोच, हे डोळ्यांना आपोआप कळते. तो आवेशाने मशीनगन चालवतो आणि गोळ्या आपल्याच सैनिकांवर जात असल्याचे कळल्यावर ही गोष्ट दडपण्यासाठी साहाय्यकाच्या हातावर पाच डॉलर टेकवतो. ते पाचही लगेच परत घेतो. मदत निघाल्याची बातमी येते तेव्हा पडद्यावर अग्निशमन बंब, मोटारसायकलस्वार पोलीस, धावपटू, वल्हेकरी, पोहणारे, माकडे, हत्ती, डॉल्फिन असे सगळे धावत सुटतात. जुन्या चित्रफितींचे तुकडे जोडून केलेली ही धावपळ काही सेकंदांचीच आहे, पण तिची लय अचूक आहे.

मग ट्रेन्टिनो दार फोडून आत घुसू पाहतो आणि त्याचे डोके दारातच अडकते. चौघे भाऊ त्याच्यावर फळांचा मारा करतात. तो शरण येतो, तरी फळे संपेपर्यंत थांबावे लागेल असे फायरफ्लाय त्याला बजावतो. विजय झाला म्हणून श्रीमती टीझडेल उंच स्वरात फ्रीडोनियाचे राष्ट्रगीत सुरू करतात, आणि चौघे वळून तोच मारा त्यांच्यावर सुरू करतात. चित्रपट तिथेच संपतो. विजयाचा सोहळा नाही, प्रेमिकांचे मीलन नाही, समेट नाही. शत्रूला मारलेले फळ आणि स्वतःच्या राष्ट्रगीताला मारलेले फळ यांत चित्रपट काडीचाही फरक करत नाही, आणि त्याची खरी ताकद याच हट्टात आहे.

काळही लक्षात घ्यायला हवा. प्रदर्शनाच्या महिनाभर आधी जर्मनीने जिनिव्हातली निःशस्त्रीकरण परिषद आणि राष्ट्रसंघ दोन्ही सोडण्याची घोषणा केली होती. त्याच वर्षी आरकेओच्या ‘डिप्लोमॅनिअ‍ॅक्स’मध्ये व्हीलर आणि वूल्सी ही जोडी नाभिकाचे काम सोडून जिनिव्हाच्या शांतता परिषदेत प्रतिनिधी म्हणून पोचली होती, तिथेही खलनायक कॅल्हर्नच होते.

‘डक सूप’ला पॅरामाउंटच्या अपेक्षेइतका प्रतिसाद मिळाला नाही. इटलीत मुसोलिनीच्या राजवटीने त्यावर बंदी घातली. मार्क्स बंधूंनी पॅरामाउंट सोडले आणि झेपो अभिनयातून बाहेर पडले. चित्रपटाला खरा मान मिळाला तो १९६० नंतरच्या तरुण प्रेक्षकांकडून. १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. वुडी अ‍ॅलन यांच्या ‘हॅना अँड हर सिस्टर्स’मध्ये (१९८६) जगण्याला विटलेला नायक चित्रपटगृहात शिरतो, तेव्हा समोर ‘डक सूप’मधले युद्धघोषणेचे गाणे चालू असते.